प्रतीक्षायादीत पहिली

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (माझा गुडघा वाकत नाही, तेव्हा तो कागदावरच मानून घ्यावा.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनी देतील ते औषध तोंड वाकडं न करता घेत जा.

पत्रास कारण, मी विद्यापीठात प्रवेश घेतला आहे. विषय इतिहास, पहिलं वर्ष, वय बावन्न. वाचून मटकन खाली बसला असाल तर तसेच बसा, पुढे आणखी आहे.

प्रवेश सरळ मिळाला नाही. यादी लागली तेव्हा प्रतीक्षायादीत माझं नाव पहिलं होतं. पहिलं म्हटल्यावर मी काम करते त्या शिवणकामाच्या दुकानातल्या सगळ्या बायकांना चहा पाजला. मग कारकुनाने समजावलं, "बाई, तुम्ही बाहेरच्यांत पहिल्या. आतलं कोणी गेलं तरच तुम्ही आत." म्हणजे कोणीतरी जावं म्हणून रोज सकाळी कचेरीच्या बाकावर जाऊन बसायचं! मी अकरा दिवस बसले. रिकामे हात मला सोसत नाहीत, म्हणून सुईदोरा सोबत असे. पाचव्या दिवसापर्यंत कचेरीतल्या सगळ्यांची तुटलेली बटणं लावून झाली. (कारकून मला 'बटणबाई' म्हणू लागला.) यादी मात्र जागची हलली नाही.

शेवटच्या दिवशी एक मुलगी आली, सोबत थोरला भाऊ. त्याच्या हातात प्रवेश रद्द करण्याचा अर्ज, विषय इतिहास. दादा, खोटं कशाला सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या भरात सुई कापडात टोचायची ती स्वतःच्याच मांडीत टोचली. आई अंथरुणाला खिळली आहे, घरी करणारं दुसरं कोणी नाही, असं तो कारकुनाला सांगत होता. "एका वर्षाचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. सही करायला मुलीने माझंच पेन मागितलं.

मी दिलं नाही.

"मीही एका वर्षासाठीच घरी बसले होते," मी त्या भावाला म्हटलं. "त्याला आता चौतीस वर्षं झाली." मग माझं तोंड सुटलं ते सुटलंच. आजारी माणसाचं करायला हात लागतात आणि ते तुलाही दोन आहेत, इथपर्यंत मी बोलून गेले. वाटलं, आता हा खेकसणार. तो मान खाली घालून म्हणाला, "मला स्वयंपाक येत नाही." मुलगी पहिल्यांदाच हसली. अर्ज फाडून दोघं निघून गेली, आणि माझी जागा मी माझ्याच तोंडाने घालवून बसले. सुईत दोरा ओवायला घेतला, पण नेढं दिसेना.

खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं उरली असताना फोन वाजला. एका मुलाला दुसरीकडे गणिताला जागा मिळाली होती, त्याला इथली नको होती. (त्याचं कल्याण होवो.) कारकुनाने माझं नाव इतक्या जोरात पुकारलं, की अवघ्या दोन हातांच्या अंतरावर बसलेली मी दचकले.

बाकी इकडे सर्व ठीक.

तुमची,
धाकटी

ता. क. – निघताना त्या भावाने विचारलं, "हे तुम्ही तेव्हा तुमच्या भावाला का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, त्याने विचारलंच नाही. माझी आठवण चुकत असेल तर कळवावं.

आणखी एक ता. क. – शाळेचा मूळ दाखला सोमवारपर्यंत दिला नाही तर प्रवेश जाईल. तुम्ही तेव्हा कॉलेजातून परत आणलात, तोच. तुमच्या कपाटात असेल. टपालाने पाठवू नका. तेव्हा खिडकीवर तुम्ही गेला होतात. आताही तुम्हीच चला.