वाळूखालचं मांस

ओटावा, ता. ४ ऑक्टोबर

ती. आईस इवालूचा सा. न. वि. वि.

बाळंतपणासाठी पोरींना घरापासून एवढ्या लांब पाठवायची कसली गं ही रीत? रक्त कमी म्हणून डॉक्टरीणबाई गोळ्या देतात, मी त्या ओकून टाकते. इथली कोंबडी म्हणजे ओला कापूस. दादाला शिकारीत कॅरिबू हरीण मिळालं का? नसेल तर तू किनाऱ्याच्या वाळूत पुरून आंबवलेलं वालरसचं मांस पाठव. लहानपणी नाक मुरडायची, ती लेक आता त्या वासाला आसुसलीय. हस खुशाल.

लोभ आहेच, सोबत घासभर मांस असू दे.

तुझी इवालू

इग्लूलिक, ता. १५ ऑक्टोबर

चि. इवालूस अ. आ.

हसले बाई, पोटभर हसले. कॅरिबू कुठलं? दादा दोनदा जाऊन हात हलवत परतला. एवढाले कळप होते, आता पाऊलही उमटलेलं दिसत नाही म्हणतो. समुद्र अजून गोठेना, सीलही मिळेना. म्हणून किनाऱ्यावरचं मांस उकरलं. एरवी कुदळ मोडायची वेळ येते. यंदा वाळू हातानं सरकली. म्हातारीची दया आली असेल जमिनीला. वास अगदी आपला, झोंबणारा. तू पोटुशी, पहिला वाटा तुझा. राहिलेलं मी आज खाईन. एकटीनं खाऊ नकोस, वाटून खा.

जीव लावतेस तशीच लाव, आणि रक्त वाढव.

तुझी आई

इग्लूलिक, ता. १७ ऑक्टोबर

चि. इवालूस दादाचे आ.

ते मांस खाऊ नकोस. आईला कालपासून एकाचे दोन दिसतायत, घास गिळवत नाही, आता श्वास अडतोय. नर्सबाई म्हणतात, जमीन गोठलीच नाही, उबेनं मांसात विष धरलं. ते वासावरून कळत नाही. आपल्या मांसाला वास असतोच, तिला कसं कळावं? तुला डबा पाठवल्याचं तिनं आत्ता खुणेनं सांगितलं. वादळात फोनचा टॉवर पडलाय. आईला घेऊन विमान तिकडेच येतंय, वैमानिकाकडे हे पत्र देतोय. जाळून टाक ते.

दादा

ओटावा, ता. २१ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

आई आणि पत्र दोन्ही पोचली, एक दिवस उशिरा. मी खाल्लं नाही रे. डबा उघडला आणि मलाच उमासे आले. मग आईनं सांगितलं तसं वाटलं. इथं बाळंतपणाला आलेल्या आपल्याकडच्या बायकांनी जमिनीवर पुठ्ठा अंथरून बोटं चाटत खाल्लं. सगळ्यांत जास्त माझ्या खोलीतल्या मियालीनं. ती आईशेजारच्या खोलीत यंत्रावर आहे. तिचं बाळ पोट कापून काढलं, ते जगेल का कुणी सांगत नाही. आई शुद्धीवर आली तर विचारेल, वाटून खाल्लंस ना? काय सांगू?

काल मियालीच्या आईचा तिच्या गावाहून फोन आला. पोरगी आजारी आहे एवढंच तिला कळलं होतं. म्हणाली, अशक्तपणा आला असेल, आमचंही पुरलेलं मांस काढलंय, उद्याच्या विमानानं तुम्हा दोघींसाठी पाठवते. मलाच तिला सांगावं लागलं, दादा.

आता लोभ असावा असं कुणाला लिहू?

इवालू