मोहरीएवढी गोळी

आत्याबाई,

काल चिखलीला बाळाचं सामान घ्यायला गेलो होतो. तुमच्या नातीची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, म्हणजे माझी लेक आता आजी होणार आणि मी पणजी. त्या दुकानात एक अख्खी भिंत नुसत्या झोपेच्या वस्तूंची आहे. विजेवर आपोआप हलणारा पाळणा, बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, त्याला घट्ट गुंडाळायचं कापड, पाजताना आईच्या मांडीवर ठेवायची गादी. विकणारी पोरगी गोड बोलत होती. म्हणाली, "आजी, बाळ नीट झोपलं की आई झोपते, आणि आई झोपली की दूध चांगलं येतं." मी ती मोहरीची उशी हातात घेऊन उभी होते. विचारलं, "झोपलेलं पोर वेळेवर उठेल असं काही आहे का तुझ्याकडे?" ती हसली. माझी लेकही हसली, म्हणाली, आईचं हे असंच असतं. तुम्ही तिथे असता तर हसला नसता. तेवढी अक्कल तुम्हाला होती.

माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून माझं पहिलं बाळंतपण सासरीच, तुमच्या घरी झालं, उंद्रीच्या पलीकडच्या त्या मातीच्या घरात. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. दिवाळीच्या आगेमागे तुमची लेकही बाळंतपणाला आली. एका आढ्याखाली दोन बाळंतिणी असू नयेत म्हणतात, एकीची सावली दुसरीवर पडते. पडली तर ती माझीच पडणार, असं तुम्ही धरूनच चालला होता. म्हणून माजघर तिला आणि गोठ्याला लागून असलेली सरपणाची खोली मला. तिच्यासाठी तुम्ही एकेक वस्तू पारखून घेतलीत, ते मी दारातून बघत होते. सुतार सागवानी पाळणा घेऊन आला, तर तुम्ही आधी त्याच्या कडांवरून तळहात फिरवलात आणि कुसळ लागलं म्हणून परत पाठवलात. तिच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, सकाळ-संध्याकाळ ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू. स्वतःच्या लग्नातलं लुगडं फाडून तुम्ही तिच्या बाळासाठी दुपटं शिवलंत, पुन्हा पुन्हा धुऊन मऊ केलंत, गालाला लावून पाहिलंत. माझ्या पोरीला गोणपाट आणि वर एक जुनं धोतर. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात, पण माझी पोरगी दुसऱ्याची नव्हती हो, तुमच्याच मुलाची होती. तो खाली मान घालून जेवायचा आणि हात धुऊन उठायचा. त्याच्याविषयी लिहिण्यासारखं एवढंच.

तुमची लेक सव्वा महिना बाजेवर बसली. माझ्या पोरीचं बारसं झालं आणि तुम्ही मला कापूस वेचायला काढलंत. शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधायची, पोर तिच्यात टाकायची आणि ओळीला लागायचं. पोर रडायची, मी ओळ सोडून धावायची, आणि तुम्ही दुसऱ्या टोकाहून बघायचात. एका बाजाराच्या दिवशी तुम्ही किराणेवाल्याकडून कागदाची पुडी आणलीत. आत काळ्या गोळ्या होत्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या. तुम्ही एक माझ्या तळहातावर ठेवलीत.

"दुधात उगायून चाटवत जाय. पोरगी झोपन, तू कामाले मोकळी."

"काय आहे हे, आत्याबाई?"

"झोपीचं औषद. साऱ्याच देतात व. तूच एक नवलाची मायबाई झाली काय?"

खरंच साऱ्याच देत होत्या. बांधाबांधावर झोळ्या टांगलेल्या असायच्या आणि एकीतूनही आवाज यायचा नाही. माझी पोरगीही झोपायला लागली. सकाळी चाटवलं की दिवस कलला तरी हलायची नाही. माझे स्तन दगडासारखे व्हायचे, चोळी भिजून अंगाला चिकटायची, आणि मी झोळीत हात घालून तिच्या ओठांना दूध लावायची. ती ओठसुद्धा चाटायची नाही. मी तिथेच दूध मातीत पिळून टाकायची. हळूहळू पिळायलाही फारसं राहिलं नाही. एका सकाळी मी गोळी चुलीच्या राखेत ढकलली. त्या दिवशी शेतात पोर रडली आणि तुम्ही ओळखलंत. घरी आल्यावर चुलीपुढे उभं करून म्हणालात, "राखीत टाकली ना गोळी? तुह्या मायनं तुले काहीच शिकवलं नाही. शिकवाले राह्यलीच कुठी ते." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही स्वतः चाटवायला लागलात. बोटाने, जिभेवर, माझ्यासमोर.

इकडे माजघरातला नातू मात्र सागवानी पाळण्यातही झोपायचा नाही. सगळ्या सोयी होत्या आणि पोर टाहो फोडायचं. तुमच्या लेकीचे डोळे खोल गेले होते. एके दिवशी वेचणीला सुट्टी होती, गोळीला नव्हती. मी घरात जात्यावर बसले होते, आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.

"आई, वहिनीची पोरगी कशी गुपचूप पडून राह्यते. माह्या पोराले दे ना त्यातली एक गोळी. मले झोप नाही व."

"नाही."

"काऊन? तिले देतेस ना तू?"

"अफू असते ते. लेकरू दूध सोडते, वाळून जाते. एखांदं उठतच नाही. आपल्या लेकराले नाही देत मी."

जातं माझ्या हातात थांबलं. आजवर मी मनाची समजूत घालत होते की तुम्ही अडाणी आहात, जुन्या चालीच्या आहात, तुम्हाला कळत नाही. तुम्हाला सगळं कळत होतं. पाळणा जसा पारखला, तशी तुम्ही गोळीही पारखली होती, आणि कोणाला काय द्यायचं ते ठरवलं होतं. मी उठले, खोलीत गेले. पोरगी गोणपाटावर पडली होती. तिला उचललं तर मान लटकली. मी तशीच माजघरात गेले आणि तिला तुमच्या मांडीवर टाकलं.

"आत्याबाई, इले उठवा."

पहिल्यांदा तुम्ही रागाने पाहिलंत. मग तिच्या तोंडाकडे पाहिलंत आणि तुमचा रंग उतरला. तुम्ही तिचे तळपाय घासलेत, कांदा फोडून नाकाशी धरलात, तोंडावर गार पाणी मारलंत, टिचक्या मारमारून तिचे तळवे लाल केलेत. शेजारणी जमल्या. "उठ व माय, उठ," तुम्ही म्हणत होता, आणि मी भिंतीला टेकून उभी होते. मी हात लावला नाही. माझी पोर मरते आहे हे दिसत होतं आणि तरी माझं लक्ष तुमच्या थरथरत्या हातांकडे होतं, त्यांनी अजून थरथरावं असं वाटत होतं. दिवे लागायच्या वेळी तिने एकदा आचका दिला आणि रडली. मांजरीच्या पिलाएवढा आवाज. तुम्ही पदराने तोंड पुसलंत, नातवाचं ते दुपटं ओढलंत आणि तिच्यावर घातलंत. मला वाटलं आता माझ्याशी काही बोलाल. तुम्ही म्हणालात, "भाकरी कोन थापते आज?"

मी थापल्या.

गोळी बंद झाली. माझं दूध आटलं ते आटलंच, पोर शेळीच्या दुधावर वाढली. पण गावात गोष्ट झाली ती भलतीच. जमलेल्या शेजारणींनी पाहिलं होतं ते एवढंच, की आई भिंतीला टेकून उभी आणि आजी जिवाच्या आकांताने पोर उठवते आहे. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, सासूनं नात यमाच्या दारातून ओढून आणली. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. पोरगी ती गोष्ट ऐकतच मोठी झाली, तुमच्याच मांडीवर झोपली, आणि तुम्ही गेलात तेव्हा तिला आवरता आवरेना. तिला धरून मी बसले होते. माझ्या डोळ्याला पाणी आलं नाही. मला बरं वाटत होतं.

काल दुकानात ती विकणारी पोरगी गुंडाळायचं कापड दाखवायला लागली, तर माझी लेक म्हणाली, "ते नको. घरी माझ्या आजीच्या हातचं दुपटं आहे. आजीनंच वाचवलं होतं मला. नाही का गं आई?"

मी हो म्हणाले. दर वेळी हो म्हणत आले आहे. तुमची लाज झाकायची म्हणून नाही, तेवढी भीड मी तुमची ठेवली नसती. साठी गाठली तिने, ही एक गोष्ट उशाशी घेऊन ती सुखाने झोपते, आणि तिच्या झोपेत हात घालायचा माझा धीर होत नाही.

हा कागद तुम्हाला कुठे पाठवणार, आणि घरात ठेवला तर तिच्या हाती लागेल. सकाळी पाणी तापवायच्या चुलीत घालीन. दुपटं ट्रंकेतून काढून मीच धुतलं, उन्हात वाळवलं, आणि घडी घालण्याआधी, कोणी बघत नाही असं पाहून, गालाला लावलं. अजून मऊ आहे, आत्याबाई. पारखायची नजर तुम्हाला होती.