पाचांत चौथे

शनिवार, १२ जून २००४, सकाळी सव्वानऊ
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

प्रिय आजोबा,

मागच्या अंगणात बसून तुमच्या खुरप्यावरची माती जुन्या टूथब्रशने काढत होतो. ते अर्धवट ठेवून लिहायला बसलो, कारण अकरा वाजता ट्रॉफीच्या दुकानात तुमच्या नावाखालची ओळ बदलून द्यायची आहे. तुम्हाला जाऊन वर्ष झालं. उद्या मंडळाच्या पिकनिकला मुलांच्या शर्यतीत तुमच्या नावाचा पहिला कप देणार आहेत.

काल मी दुकानाच्या फॉर्मवर लिहून आलो होतो, 'ऑलिंपिक पदकविजेते'. दिनूकाकाने सांगितलं तसं. "इथे कोण चेक करणार आहे, यार? कपावर कोणी चौथा नंबर लिहितं का?" घरी येऊन फॉर्मची कॉपी तीनदा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. फक्त खोटं होतं.

लहानपणी मीच तुम्हाला हिणवलं होतं, आठवतं? "म्हणजे हरलातच ना?" तुम्ही मेथीच्या वाफ्यातून मान वर न करता म्हणालात, "हो. पण पाचवा माझ्या मागे होता." त्याची माफी मागायची राहूनच गेली.

तेव्हा मला कुठे माहीत होतं, की त्या काळी धावणारे स्टार्टला पाय रोवायला स्वतःच खड्डे खणायचे? तुम्ही घरचं हेच खुरपं बोटीतून नेलंत. बाकीच्यांकडे चकचकीत छोटी फावडी. ते हसले, आणि तुमचे खड्डे सगळ्यांच्या आधी खणून झाले.

तुम्ही रग्बी खेळायचात, त्याचंही तेच. गोऱ्या सोल्जरांच्या टीममध्ये तुम्ही एकटे देशी, पार कडेला. पास कोणी देईना. मग तुम्ही समोरच्या टीमचेच पास मधल्यामध्ये झेलून पळायला लागलात. डावा कान चुरगळला तो त्याच वर्षी. कॉलेज अर्धवट सोडून मी तोंड लपवत फिरत होतो, तेव्हा तो कान दाखवून तुम्ही हे सांगितलंत. उपदेश मात्र केला नाहीत.

आज चहाच्या वेळी काकाला म्हटलं, ओळ बदलतोय. त्याच्या मुलीने, मिहिकाने, दुधातलं सीरियल खाता खाता विचारलं, "फोर्थ आउट ऑफ हाउ मेनी?"

"पाच," मी म्हणालो.

"बट ही वॉज इन द ऑलिंपिक्स?"

काका म्हणाला, "मग नीट लिही. शंभर मीटर, पहिली फेरी. बाबांना अर्धवट आवडायचं नाही."

उद्या मुलांसाठी खड्डे मी खणेन, ह्याच खुरप्याने. कप देताना ओळ मोठ्याने वाचेन, कोणी हसलं तर पुन्हा वाचेन. पार्क ऑफिसची परवानगी काढली आहे. खड्डे बुजवून, वर गवत दाबूनच घरी येईन.

तुमचा,
नीलेश