प्लास्टिकमधली पुस्तकं थोरल्याला

मी, इस्पितळाच्या संगणक-नेटवर्कची निवृत्त व्यवस्थापक, विधवा, दोन मुलांची आई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसं सांगितलं. दडपण कोणाचं नाही. किळस मात्र भरपूर आली आहे, आणि ती कायद्याच्या आड येत नाही असं वकील म्हणाले.

१. माझं दोन खोल्यांचं घर धाकटीला, म्हणजे मुलीला, द्यावे. थोरल्याचा, म्हणजे मुलाचा, त्यावर कोणताही हक्क राहणार नाही. कारण कलम चारमध्ये आहे.

२. बँकेतली शिल्लक दोघांत निम्मी-निम्मी. त्यावरून तमाशा नको.

३. पुस्तके. मी निवृत्त झाल्यावर थोरला माझ्या खुर्चीवर बसला तेव्हा त्याने विचारलं, "आई, या कामासाठी कोणती पुस्तकं घेऊ?" मी सांगितलं: आधी एक जाडजूड, निरोप एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो ते शिकवणारं. मग वायरी आणि स्विचचं, म्हणजे सगळ्या संगणकांच्या वायरी ज्या डब्यात येऊन जोडतात त्याचं. मग बिघाड शोधण्याचं. सुरक्षेचं शेवटी, भिंती उभ्या नसताना कुलपं कशाला? पठ्ठ्याने माझ्या पैशांनी सगळी आणली, माझ्याच बैठकीत रंगांप्रमाणे मांडली आणि त्यांच्यासमोर बसून कॅमेऱ्यात बघत "नेटवर्क शिकणाऱ्याने वाचायलाच हवीत अशी पुस्तकं" यावर भाषणं ठोकू लागला. मी धूळ पुसायला गेले तर एकाचंही प्लास्टिक फाडलेलं नाही. शी! न चाखता वाढणारा आचारी बरा, तो निदान चुलीपाशी तरी उभा असतो.

ही सर्व पुस्तके, प्लास्टिकसह, थोरल्याला द्यावीत. चहाचे डाग पडलेल्या माझ्या जुन्या प्रती धाकटीला. तिने त्या पालथं पडून वाचल्यात, अडलं की मला हलवून उठवलंय.

४. थोरला साहेब आणि धाकटी त्याच्या हाताखाली, अशी दोघं माझ्याच इस्पितळात कामाला होती. पाहुणे येणार म्हणून थोरल्याला स्विचच्या कपाटाचा फोटो काढायचा होता. एक वायर लोंबत होती. तिचं एक टोक स्विचमध्येच होतं. दुसरं दिसायला वाईट म्हणून त्याने तेही त्याच स्विचमध्ये खोचलं. असं केलं की निरोप गोल गोल फिरत राहतात, वाढत जातात आणि सगळ्या वाटा तुंबतात. नोंदणी बंद, प्रयोगशाळा बंद, रोगी ताटकळलेले. हे वायरी-स्विचच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला आहे, चित्रासकट! आणि या दिवट्याने वर इस्पितळाच्या संचालकांना लेखी दिलं की वायर धाकटीने खोचली. तिला काढून टाकलं. आता ती दुकानात उभी राहून प्रिंटर विकते. मी विचारलं तर म्हणायची, "जाऊ दे ना आई, दादाला मुलंबाळं आहेत."

त्याचा खरा अर्थ मला काल कळला. इस्पितळाचा वायरमन तेव्हा तिथेच शिडीवर होता. त्याने नोकरीच्या भीतीने तोंड उघडलं नव्हतं. काल माझ्याकडे पंखा बसवायला आला आणि राहवलं नाही त्याला. ज्याला मी वाढवलं त्याचीच मला किळस येते, हे लिहिलंय आणि खोडणार नाही.

५. माझी वायरींची पक्कड आणि टेस्टर धाकटीला. बिघाड शोधण्याचं माझं एक पुस्तक संचालकांनी वाचायला म्हणून नेलं आणि मॉनिटरखाली उंचीला लावलं. ते त्यांनी पुसून धाकटीला द्यावे.

६. इथे संपवणार होते. वायरमन साक्षीदार म्हणून सही करायला बसला, वाचलं आणि पेन खाली ठेवून म्हणाला, "ताई, हे तुम्ही गेल्यावर उघडणार? तोवर धाकटीनं प्रिंटरच विकायचे का?"

मी म्हटलं, "तुझी नोकरी?"

"जाऊ दे. पंखे सगळीकडे लागतात."

म्हणून हे कलम वाढवले आहे. उद्या सकाळी मी आणि वायरमन संचालकांकडे जात आहोत. थोरल्याला आत्ताच फोन करून हजर राहायला सांगितलं आहे. "आई, घरातलं घरात मिटवू," म्हणाला. मी म्हटलं, बहिणीवर आळ चारचौघांत घेतलास, माफीही चारचौघांतच मागशील. ती मला जिवंतपणी, याच कानांनी ऐकायची आहे.

वरील सर्व वाचून, समजून सही केली.

(सही) लिहून देणार: आई

साक्षीदार: (सही) वायरमन
साक्षीदार: (सही) डॉक्टरीणबाई

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ४ मार्च