एक नंबरचा कंगवा

इंद्रपुरी, ११ डिसेंबर

दोन महिने एक ओळ लिहिली नाही, चुकलंच. आज घरीच मशीनने केस कापले. कारखान्यात तारेचा गेज नंबर जितका मोठा, तितकी तार बारीक. त्याच सवयीने, केस लांब राहावेत म्हणून मशीनला एक नंबरचा कंगवा लावला. इथे उलटं असतं. एक नंबर म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. मुंडण केल्यासारखं डोकं दिसतंय.

अंथरुणाला खिळलेले बाबा बघतच राहिले. "अरे, मी आहे अजून! एवढी कसली घाई?" म्हणाले आणि हसले. मला हसता आलं नाही. त्यांचं करून थकलो की, हे आता संपावं, असं मनात येतं. परवाही आलं. त्यांना कळलं असेल? की तीन मिलिमीटरचीच थट्टा होती?

उद्या: सकाळचा चहा बाबांजवळ बसून घ्यायचा.