बाबांची एक्सपी

१२ जानेवारी, अकोला
मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आजचा दिवस काळा! माझं साप्ताहिक सदर तयार, संपादक अमरावतीत खोळंबलेले, आणि मी इथे जुन्या शहरात बाबांच्या कॉम्प्युटरसमोर हात जोडून बसलेली. पेनड्राइव्ह ओळखत नाही, ईमेल उघडत नाही. पडद्यावर हिरवी टेकडी, निळं आभाळ — अजून जुनं विंडोज एक्सपी! शेवटी मोबाइलवर एका अंगठ्यानं सदर खरडलं. त्यात दोन विनोद दगावले.

बाबांना म्हटलं, नवीन व्हर्जन टाकून देते.

"मले चालते ना हे. मले एकच काम हाये — तुही माय सांगते, मी टाईप करतो."

वेचणी-निंदणीला आई म्हणायची ती गाणी. काही तिच्या मायची, काही जयंतीसाठी तिनंच जुळवलेली. कुठेच लिहिलेली नाहीत. पेन धरलं की बाबांचा हात थरथरतो, कीबोर्डवर मात्र नाही — जन्म कचेरीत टायपिस्ट म्हणून गेला. आणि मोबाइलसमोर आई गात नाही. "त्या डब्बीसमोर मले लाज वाट्टे!"

तरी नवीन टाकायचं ठरवलं. बाबांच्या सोयीसाठी, असं सगळ्यांना सांगितलं.

१९ जानेवारी
दुरुस्तीवाला विपुल आला. "मॅडम, एक्सपी आता कोन ठेवते? टेन टाकू. लेटेस्ट!"

लेटेस्ट म्हटलं की मी विरघळते. जुनी गाणी त्यानं सीडीवर काढून ठेवली, बाकी सगळं पुसलं, टेन टाकलं. म्हातारं मशीन धापा टाकू लागलं, पण माझं ईमेल उघडलं!

मग बाबा बसले. त्यांचा जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम टेनवर चालतच नाही. विपुलनं दुसरा कीबोर्ड लावून दिला. बाबांनी 'क' दाबला, उमटलं भलतंच. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

"काका, नवीन शिकून घ्या. सोपं हाये."

बाबांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

२४ जानेवारी, अमरावती
फोन केला. टायपिंग?
"नाई. अक्षर शोधेपर्यंत तुही माय ओळ इसरते. मंग मलेच कावते."

२ फेब्रुवारी
अकोल्याला गेले नाही. सदर लिहिलं — 'नव्याला घाबरणारे म्हातारे'. कौतुकाचे फोन आले. एकीनं कळवलं, अगदी आमचे सासरे!

९ फेब्रुवारी, अकोला
विपुल म्हणाला, सेव्हन टाकून पाहू. टाकलं. बाबांचा प्रोग्राम तरी उघडेना. सेव्हनमध्येही दोन जाती असतात म्हणे — चौसष्ट बिट आणि बत्तीस बिट. प्रोग्रामला बत्तीस लागते, विपुलनं चौसष्ट टाकली. "बत्तीसची सीडी पुढच्या खेपेला आनतो."

आई म्हणाली, "मले आता लय आठवून राहिलं वं. काल तर झोपच नाई. कवा सुरू होते यायचं टाईप करनं?"

"होईल गं, पुढच्या रविवारी," म्हणून मी बस पकडली.

वही होती. पेन होतं. माझे हात थरथरत नाहीत. बस मूर्तिजापूर ओलांडून गेली तेव्हा सुचलं! उतरले नाही.

१३ फेब्रुवारी
बाबांचा फोन. आईला मेंदूचा झटका आला.

२३ फेब्रुवारी, अकोला
आई घरी आली. चालते, जेवते. मला 'बाई' म्हणते — पाहुण्या बाईला म्हणावं तसं. गाण्याचं विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डॉक्टर म्हणतात, स्मरण येईल परत, किंवा नाहीही.

बाबांनी 'तुह्या ईमेलपाई झालं' एवढं तरी म्हणायचं! सगळ्या गावाला टोमणे मारून पोट भरते मी, माझ्या वाट्याला एकही नाही.

२ मार्च
बत्तीस बिट सेव्हन बसलं. प्रोग्राम उघडला. बाबांची बोटं कीबोर्डवर पडली — ताड् ताड् ताड् — कचेरीतल्यासारखी. अर्धं राहिलेलं गाणं पडद्यावर आणलं, शेवटच्या ओळीपुढे थांबले. मान वळवून आईकडे पाहिलं. ती मेथी निवडत होती.

बाबांनी कॉम्प्युटर बंद केला. नीट, रीतसर.

म्हणजे हेच व्हर्जन योग्य होतं. किंवा आधीचंच होतं.

९ मार्च
बाबांना म्हटलं, कॉम्प्युटर लावा. मी सांगते. मला आईची दोन-चारच येतात, लहानपणी शेताच्या धुऱ्यावर बसून ऐकलेली.

कापूस वेचता वेचता ओटी झाली जड,
लेक बसली शाळेत, मंग कायचं आलं जड!

चाल चुकली असेल. बाबांनी टाईप केलं.

आईनं मेथी खाली ठेवली. "कोनाचं हाये वं बाई हे गानं? चांगलं हाये."

बाबांनी पुढच्या ओळीसाठी बोटं कीबोर्डवर ठेवली. मी पुढची ओळ सांगितली.