हेडमास्तरले कुठं ठेवायचं

६ जानेवारी, सोमवार
आजपासून लिहिते. आता भेव नाही. हे.मा.ले वाचता येत नाही. अक्षरं दिसतात, पण लागत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

हे.मा. म्हणजे हेडमास्तर. माझा नवरा. छत्तीस वर्षं जि.प.ची नोकरी, साऱ्या अड्याळ गावाचे गुरुजी. तोंडावर जन्मभर ‘अहो’ न ‘तुम्ही’. वहीत मात्र अरेतुरे करीन. कोण पाहून राहिलं?

लग्नानंतर एकदा डायरी लिहाले घेतली होती. यानं लाल पेनानं तपासून परत देल्ली. खाली शेरा : ‘विचार सामान्य.’ त्यानंतर आज.

सकाळी पुन्हा निघून गेला. एसटी स्टँडवर सापडला. एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्यात माझी. पानठेलेवाला म्हणे, ‘काकू, गुरुजी शाळेत जायची गाडी विचारून राहिले होते.’ परवा गॅस चालू ठेवला होता. मागच्या मंगळवारी न्हाणीत पडला, उचलता उचलता माझीच कंबर गेली.

रुपालीचा पुण्याहून फोन. पोरगी एकच आहे, तिची नोकरी, तिचं घर. ‘आई, तुझे टोंगळे असे, धड वाकताही येत नाही. तुझ्यानं होत नाही आता. एखादी जागा बघ बाबांसाठी, वृद्धाश्रम वगैरे. फक्त बघ, ठरवू नको.’

बघते ना. चांगली निवांत बघते.

८ जाने., बुध.
शाळेत साहेब तपासणीले आले की शेरेबुकात शेरा लिहून जातात. हे.मा.नं घरीही एक शेरेबुक ठेवलं होतं. माझं. दर रविवारी जेवण झालं की लिहायचं. ‘वरणात मीठ जास्त. सुधारणा आवश्यक.’ ‘पाहुण्यांसमोर मोठ्याने हसणे टाळावे.’ पाहुणे आले की वाचून दाखवायचा. ते हसत. मीही हसत होती, हातात चहाचा ट्रे धरून. सगळ्यात वरचा शेरा भेटला तो ‘बरे’. ‘चांगले’ एकदाही नाही. रुपाली झाली त्या रविवारीही ‘बरे’.

आता तपासणी मी करीन न जागाही मीच ठरवीन. अशी ठरवीन की याले रोज आठवण आली पाहिजे. कशाची आठवण, ते माहीत नाही. याले आठवतेच कुठं काही.

११ जाने., शनि.
हे.मा.ले शेजारच्या नलूजवळ बसवून गेली. जागा नं. १. भंडाऱ्याच्या पुढं, जवाहरनगरच्या रस्त्याले. ऊन यायची छपरी. सात-आठ म्हातारे वालाच्या, आपल्या पोपटाच्या, शेंगा सोलत बसले होते. अर्धे दाणे खाली, अर्धे तोंडात, कोणी काही म्हणत नव्हतं. काम करणाऱ्या पोरी ‘आबा’ म्हणूनच बोलतात. एक आबा पोरीले शिव्या देऊन राहिला होता. ती म्हणे, ‘हो जी आबा, माझंच चुकलं, चाला जेवाले.’ गेला तो.

सांभाळणारी बाई चाळिशीची, बोलाले गोड. मले एक कागद देल्ला. काय आवडते, कशाले भितात, चिडले तर कोणाचं ऐकतात, सगळं लिहून आणा म्हणे.
‘कोणाचंच ऐकत नाही,’ मी म्हटलं.
‘तुमचंही नाही?’
मले हसूच आलं.

शेरा : चांगली जागा. फार चांगली. म्हणूनच नको.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

नलूकडे हळदीकुंकू. कोशाचं रेशमी पातळ नेसली, चष्मा लावला, खांद्याले पर्स, हातात ही वही. हे.मा.ले सांगाले खोलीत गेली तर हा ताडकन उभा. हात जोडलेले.
‘नमस्कार मॅडम! आपण कळवलं नाही जी. दप्तर तयार आहे, मॅडम. हजेरी पूर्ण आहे.’

आधी काही समजलंच नाही. मग समजलं. मी तपासणीची साहेब! बाप्पा!

मी खुर्ची ओढून बसली. तो उभाच.
‘शर्टाचं बटन?’ मी म्हटलं.
लावलं. 
‘खोली अशी काहून?’
‘क्षमा असावी मॅडम. पुन्हा होणार नाही.’

क्षमा! या तोंडातून! एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. मी मुद्दाम तीनदा विचारलं, तीनदा मागितली. हळदीकुंकवाले गेलीच नाही. नलू बोलवाले आली तर सांगितलं, डोकं दुखते. खोटं. इतकं हलकं मले कधी वाटलं नाही.

१६ जाने.
रोज दहाले तपासणी. पातळ, चष्मा, वही. बाकी दिवसभर मी त्याच्यासाठी कोणीतरी बाई असते, ‘ओ बाई, पाणी द्या’. पण पर्स खांद्याले टाकली की मॅडम.

आज वरणात मीठ टाकलंच नाही. समोर बसून विचारलं, ‘भोजन कसं आहे हेडमास्तर?’
‘उत्तम, मॅडम.’
‘खा मग सगळं.’
सगळं खाल्लं. ताट पुसून खाल्लं.

रुपालीनं व्हिडिओ कॉलवर हे पाहिलं.  मग म्हणे, ‘आई, हे बरोबर नाही.’
म्हटलं, ‘काय बरोबर न काय चूक, ते मले तुझ्या बापानंच शिकवलं.’ फोन ठेवला तिनं. ठेवू दे.

१७ जाने., शुक्र.
जागा नं. २. लाखांदूरच्या रस्त्याले, धानाच्या बांध्यांमधी एकटीच इमारत. गेटले कुलूप. आत एक हॉल, टीव्ही मोठ्यानं, पाहाले कोणी नाही. सारे भिंतीले टेकून रांगेत. जाडा माणूस आहे देखरेखीले. ‘ए बुढ्ढ्या, सरक तिकडे’ असंच बोलते सगळ्याइले.
विचारलं, ‘जेवणात मीठ कमी-जास्त झालं तर?’
‘कोण विचारते जी काकू? खातात न चूप बसतात.’
‘भेटाले कधी येता येते?’
‘महिन्यातून एकदा या. नाही आल्या तरी चालते. लवकर विसरतात मग, तरास देत नाहीत.’

हे.मा.ले रांगेत बसवून पाहिलं मनात. ‘ए बुढ्ढ्या’ ऐकवून पाहिलं. गार वाटलं जिवाले. खरं तेच लिहिते.

निघताना एका म्हातारीनं माझा पदर धरला. सोडेचना. तिले कमरेतून ओढणीनं खुर्चीले बांधून ठेवलं होतं. मी एक एक बोट सोडवलं. घरी येईपर्यंत तिची बोटं हाताले लागून राहिली होती. वाईट वाटलं, नाही कशाले म्हणू. पण ती काही हे.मा. नव्हती.

शेरा : हीच.

१९ जाने., रवि.
नं. २ ले फोन केला. पुढच्या सोमवारी, २७ ले आणा म्हणे. दोन जोडी कपडे न आधार कार्ड. काय आवडते, काय नाही, काही विचारलं नाही. रुपालीले अजून सांगितलं नाही.

२२ जाने., बुध.
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

रोजची तपासणी. हजेरी झाली, नखं झाली. मले काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, ‘हेडमास्तर, घरची परिस्थिती सांगा. मंडळी कशी आहे?’ म्हटलं पाहू तरी, साहेबापुढं माझा काय शेरा देते.

तो खाली पाहाले लागला. मग एकदम हळू आवाजात, ‘मॅडम, मंडळी हुशार आहे. माझ्याहून हुशार आहे जी.’

वही मिटून ठेवली मी.

‘मग तिले पुढं काहून नाही शिकवलं?’
‘तिचा डी.एड.ले नंबर लागला होता मॅडम. पत्र आलं होतं.’
‘कुठं आलं होतं?’
‘डाक शाळेतच येत होती जी तेव्हा. मी कपाटात ठेवलं. मग जाळलं. तिले सांगितलं, तुझा नंबर नाही लागला.’

नंबर लागला होता. माझा. लागला होता!

मी काय म्हटलं ते आठवत नाही. ‘बसा,’ म्हटलं असन, कारण तो बसला होता. मी न्हाणीत जाऊन नळ सोडला न तिथंच उभी राहिली.

२३ जाने.
काल पूर्ण लिहिता आलं नाही.

बारावीले मी साऱ्या केंद्रात दुसरी होती. लग्न झालं, तरी डी.एड.चा फॉर्म भरला, सासऱ्याच्या पाया पडून परवानगी घेतली. दोन महिने रोज विचारत होती, ‘डाक आली का जी?’ रोज म्हणायचा, ‘नाही.’ एक दिवस म्हणाला, ‘यादी लागली. तू नाही.’ मी आठ दिवस रडली. तिसऱ्या दिवशी यानं सांगितलं, डोळे सुजवून पाहुण्यांसमोर येऊ नको. मग वर्षानुवर्षं पाहुण्यांना हसून सांगायचा, ‘हिलेही मास्तरीण व्हायचं होतं, पण अक्कल कमी पडली.’ न मी मान डोलवायची. मले खरंच वाटायचं, पडली असन कमी.

शाळेत मास्तर गैरहजर असला की मलेच पाठवायचा पहिलीवर. ‘बस जरा पोट्ट्यांजवळ.’ किती वर्षं बसली. अर्धं अड्याळ माझ्याजवळ ग म भ न शिकलं. कागदावर त्यांचे गुरुजी कोण? हे.मा.

‘बरे’ तेवढंच देत होता. माहीत होतं तरी देत होता! माहीत नसतं तर एक वेळ माफ केलं असतं, मूर्ख माणूस म्हणून.

आता नं. २ सुद्धा कमी वाटून राहिली आहे मले.

२४ जाने.
काल न आज तपासणीत तेच पुन्हा विचारलं. तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दात. पत्र, कपाट, जाळलं. काल काय सांगितलं ते याले आठवत नाही, म्हणून रोज नव्यानं सांगते. मी रोज नव्यानं ऐकते. शिक्षा कोणाले होऊन राहिली आहे?

नं. २ मधी टाकलं तर कोणाले विचारू? तो तर महिन्यात तेही विसरन. मले तर हे त्याच्या तोंडून अजून ऐकाचं आहे, हजार वेळा. न एकदाही ऐकाचं नाही. काय ते मलेच समजून नाही राहिलं.

रुपालीले सगळं सांगितलं. पहिल्यांदा पोरगी बापाच्या बाजूनं काही बोलली नाही. नुसती म्हणे, ‘आई, तू म्हणशील तसं.’

२६ जाने., रवि.
पाचलेच उठून पांढरे कपडे मागितले. झेंडावंदन. दाराशी नेऊन उभं केलं. प्रभातफेरी घरापुढून गेली तर याचा सॅल्यूट. पोट्टे ओरडले, ‘गुरुजी नमस्कार!’ सरपंच थांबला, पाया पडला. मले म्हणे, ‘काकू, असा माणूस होणे नाही.’ म्हटलं, ‘होय, असा होणे नाहीच.’ त्याले कळलं नाही.

दुपारी नं. १ च्या बाईचा फोन. एक जागा रिकामी झाली आहे, उद्या संध्याकाळपर्यंत राखून ठेवते म्हणे. ‘तुमचा तो कागद आला नाही अजून. काकांना काय आवडते, कशाची भीती?’ मी म्हटलं, पाहते. रात्र व्हायच्या आधी पिशवी भरली. दोन जोडी कपडे, आधार कार्ड, स्वेटर. स्वेटर कोणी सांगितलं नव्हतं.

२७ जाने., सोम.
गाडी दहाले सांगितली होती. पावणेदहालेच आली. हे.मा. तयार. भांग पाडलेला. मी पर्स खांद्याले टाकली होती, म्हणून मॅडम.
‘मॅडम, बदली झाली का माझी?’
‘होय.’
‘आदेश आला?’
‘आला.’
 कधीच बदलीले नाही म्हटलं नव्हतं यानं. मग हात जोडले.
‘एक विनंती होती जी. त्या पत्राचं माझ्या मंडळीले सांगू नका.’
‘काहून?’
‘सोडून जाईन ती मले.’

एकेचाळीस वर्षं. एवढ्यासाठी! ‘बरे, बरे’ लिहून लिहून या माणसानं मले या घरात धरून ठेवलं, मी निघून जाईन म्हणून! मेल्या, एकदा ‘चांगले’ लिहिलं असतं तर कुठं जाणार होती मी? मोठ्यानं म्हटलं हे. साहेबाच्या नाही, माझ्या आवाजात. तो माझ्याकडे पाहत राहिला. ओळखलं का? माहीत नाही. ‘बाई, रडू नका,’ म्हणे. कोणाले म्हटलं तेही माहीत नाही.

ड्रायव्हरनं त्याले धरून गाडीत बसवलं. पिशवी ठेवली. मले विचारते, ‘काकू, चौकातून भंडारा का लाखांदूर?’ म्हणजे नं. १ का नं. २.
‘दोन मिनिटं थांब,’ म्हटलं न आत येऊन हे लिहून राहिली.

खिडकीतून दिसून राहिलं आहे. मागच्या सीटवर बसला आहे. बाजूची जागा हातानं पुसून ठेवली त्यानं. मॅडमसाठी का माझ्यासाठी, त्यालेच ठाऊक.

हॉर्न वाजवून राहिला ड्रायव्हर. जाते.